द्विग्राफिक्स व्यवस्था, लॅपटॉपमधील : लिनक्स प्रणालीतील उपयोजन

ज्या लॅपटॉप संगणकात दोन ग्राफिक्स प्रक्रियक बसविलेले असतात आणि कामाच्या स्वरूपानुसार त्यांपैकी एकाचा किंवा दोहोंचा उपयोग करून पडद्यावरील चित्र तयार केले जाते, त्यातील या व्यवस्थेस द्विग्राफिक्स किंवा परिवर्ती ग्राफिक्स व्यवस्था असे म्हणतात. दोहोंपैकी एक प्रक्रियक मुख्य प्रक्रियकाच्या अंगातच (जुन्या यंत्रांत त्याच्या शेजारच्या संचात) सामावलेला असतो. त्याला अंगभूत ग्राफिक्स म्हणतात. तो संगणकाची मुख्य स्मृतीच वापरतो, त्याला वीज थोडी लागते आणि लेखन, वाचन, चलच्चित्रे पाहणे यांसारख्या नित्याच्या कामांना तो पुरेसा असतो. दुसऱ्या प्रक्रियकाला स्वतःची वेगळी स्मृती असते. त्रिमितीय खेळ, अभियांत्रिकी आरेखन, चित्रफितींचे संपादन, वैज्ञानिक आकडेमोड इ. जड कामांसाठी तो योजिलेला असून त्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अंगभूत प्रक्रियक बहुधा इंटेल किंवा एएमडी या कंपन्यांचा आणि स्वतंत्र कार्ड एनव्हिडिया किंवा एएमडी यांचे असते. म्हणजे बव्हंशी एकाच पेटीत दोन वेगळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र नांदत असतात. लिनक्स प्रणालीत या व्यवस्थेला ज्या अडचणी आल्या, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी या एका गोष्टीत आहे.

दोन प्रक्रियक ठेवण्यामागील हेतू विजेच्या बचतीचा आहे. समजा, एखाद्या लॅपटॉपच्या बॅटरीची धारणशक्ती ५० वॉट-तास आहे आणि नित्याच्या कामात यंत्राला १० वॉट लागतात, तर ती बॅटरी ५ तास पुरेल. त्याच यंत्रातील स्वतंत्र कार्ड काही काम न करता नुसते जागे राहिले आणि त्यात ८ वॉट खर्च झाले, तर हीच बॅटरी पावणेतीन तासांत संपेल. शिवाय ती वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असल्यामुळे पंखा सतत फिरत राहतो आणि यंत्राचा तळ तापतो. म्हणून स्वतंत्र कार्डाकडून काम करून घेणे आणि काम नसेल तेव्हा ते पूर्णपणे बंद ठेवणे, अशी या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. पहिल्या अंगाची चर्चा अधिक होते. पण ज्याने यंत्र विकत घेतले त्याला दुसऱ्या अंगाचा अभाव अधिक जाणवतो. जे कार्ड वापरताही येत नाही आणि बंदही करता येत नाही, ते बॅटरीवरील नुसता भार होय.

रचनेचे दोन प्रकार : पहिल्या प्रकारात पडद्याकडे जाणारी तार एका निवड-स्विचातून नेलेली असते. त्या स्विचाला मक्स म्हणतात. स्विच एका बाजूस असेल तेव्हा पडदा अंगभूत प्रक्रियकाला आणि दुसऱ्या बाजूस असेल तेव्हा स्वतंत्र कार्डाला जोडला जातो. सोनी कंपनीच्या व्हायो एसझेड या २००६ मधील लॅपटॉपवर असा स्विच बोटाने सरकविण्याजोगा बाहेरच बसविलेला होता. मात्र तो सरकविल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ॲपलच्या २००८ मधील मॅकबुक प्रोत प्रक्रियक बदलण्यासाठी वापरकर्त्याला सत्रातून बाहेर पडावे लागे, तर २०१० च्या नमुन्यात हा बदल आपोआप होऊ लागला.

दुसऱ्या प्रकारात मक्स नसतो. पडदा कायमचा अंगभूत प्रक्रियकालाच जोडलेला असतो. स्वतंत्र कार्ड चित्र तयार करते, परंतु ते पडद्यावर स्वतः पाठवू शकत नाही. तयार झालेली प्रत्येक चित्रचौकट त्याला अंगभूत प्रक्रियकाच्या स्मृतीत नेऊन ठेवावी लागते आणि तेथून ती पडद्यावर जाते. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने ही पद्धती जाहीर केली. मक्सचा खर्च वाचत असल्यामुळे आणि बदल होताना पडदा लुकलुकत नसल्यामुळे लॅपटॉप बनविणाऱ्यांनी ती झपाट्याने स्वीकारली.

चित्रचौकटी अशा वाहून नेण्याचा भार किती, हे हिशेबाने पाहता येते. १,९२०×१,०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एक चौकट सु. ८३ लक्ष बाइटांची होते. सेकंदाला ६० चौकटी न्यावयाच्या झाल्यास दर सेकंदाला सु. ५० कोटी बाइटांची वाहतूक होते. पडदा दोन्ही दिशांना दुप्पट बारकाईचा (३,८४०×२,१६०) असेल, तर हा आकडा २०० कोटींच्या आसपास जातो. दोन प्रक्रियकांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाच्या तिसऱ्या आवृत्तीतील चार पदरी जोडणीची क्षमता सेकंदाला ३९० कोटी बाइटांहून थोडी अधिक असते. म्हणजे ही वाहतूक शक्य आहे, पण फुकट नाही. एकाच चौकटीची प्रत दोन-तीनदा काढावी लागली, तर कार्डाचा वेग पुष्कळसा वाटेतच खर्च होतो. [⟶ संगणक, स्मृती, संगणकाची].

लिनक्समधील मूळ अडचण : विंडोज प्रणालीत ऑप्टिमसचे काम एनव्हिडियाचा ड्रायव्हर पाहतो. कोणता कार्यक्रम कोणत्या प्रक्रियकावर चालवायचा याची यादी तो बाळगतो, गरज पडताच कार्ड जागे करतो आणि काम संपले की त्याची वीज तोडतो. वापरकर्त्याला यातले काही जाणवत नाही. लिनक्सची घडण वेगळी आहे. तीत यंत्राशी थेट बोलणारा कर्नल, पडदा व खिडक्या सांभाळणारा एक्स सर्व्हर आणि चित्र काढण्याच्या आज्ञांचे भाषांतर करणारे ओपनजीएल ग्रंथालय हे तीन थर निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असतात. शिवाय २०१० च्या सुमारास या तिन्ही थरांत एक संगणक म्हणजे एक ग्राफिक्स प्रक्रियक, असे गृहीत धरलेले होते. एकाने चित्र काढावे आणि दुसऱ्याने ते दाखवावे, ही कल्पना त्यांपैकी एकाही थराला ठाऊक नव्हती.

त्यात भर परवान्याची पडली. इंटेलचा लिनक्स ड्रायव्हर मुक्त आहे. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता व बदलता येते आणि तो कर्नलबरोबरच वाटला जातो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त होता. कंपनी तो तयार स्वरूपात देई आणि कार्डाची अंतर्गत माहिती प्रसिद्ध करीत नसे. एनव्हिडियाच्या कार्डासाठी ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिला आहे. परंतु तो कार्डाच्या वर्तनाचे बाहेरून निरीक्षण करून, म्हणजे उलट अभियांत्रिकीने, घडवावा लागला. त्यामुळे त्याचा वेग मूळ ड्रायव्हरच्या मानाने बराच कमी राहिला.

पहिले प्रयत्न : रेड हॅट कंपनीतील अभियंते डेव्ह एअर्ली यांनी लिहिलेला ‘व्हीजीए स्विचरू’ हा भाग मे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नलच्या २.६.३४ या आवृत्तीत समाविष्ट झाला. कर्नलच्या एका विशिष्ट फाइलीत ठराविक शब्द लिहिला, की मक्स हवा त्या बाजूस वळे व नको असलेल्या कार्डाची वीज तोडता येई. सत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे, तरी मक्स असलेल्या यंत्रांची त्यामुळे सोय झाली. दुर्दैवाने, नेमक्या त्याच वर्षी बाजारात मक्सविरहित यंत्रांचा सुळसुळाट सुरू झाला. अशा यंत्रात स्वतंत्र कार्ड निवडले असता पडदा काळाच राहणे अपरिहार्य होते, कारण त्या कार्डापासून पडद्यापर्यंत तारच नव्हती.

२०११ मध्ये मार्टिन यूल यांनी ‘बंबलबी’ हा प्रकल्प सुरू केला. (ट्रान्स्फॉर्मर्स या खेळण्यांच्या व चित्रपटांच्या मालिकेत ऑप्टिमस प्राइम हा नायक असून बंबलबी हा त्याचा साथीदार आहे.) बंबलबीची युक्ती सोपी, पण वळणाची होती. दृश्य एक्स सर्व्हर अंगभूत प्रक्रियकावर चालू राही. जड कार्यक्रम सुरू करावयाचा झाल्यास एनव्हिडिया कार्डावर दुसरा, कोणालाही न दिसणारा एक्स सर्व्हर उभा केला जाई. कार्यक्रम आपले चित्र त्या अदृश्य सर्व्हरमध्ये काढी आणि ‘व्हर्च्युअलजीएल’ नावाची आज्ञावली प्रत्येक चौकट उचलून दृश्य सर्व्हरमध्ये आणून लावी. वापरकर्त्याने कार्यक्रमाच्या नावाआधी ‘ऑप्टिरन’ हा शब्द लिहिला, की एवढे सगळे घडे. व्हर्च्युअलजीएल मुळात दूरच्या संगणकावरील चित्र जाळ्यातून आणण्यासाठी घडविलेली असल्यामुळे तीत प्रती फार निघत आणि वेग घटे. पुढे २०१२ मध्ये ‘प्रायमस’ हा हलका पर्याय उपलब्ध झाल्यावर ही उणीव काहीशी भरून निघाली.

कंपनीने न केलेले काम उत्साही मंडळींनी अंगावर घेतले, की त्यात जोखीमही येते. बंबलबीच्या प्रतिष्ठापन-आज्ञावलीत २०११ मध्ये एका ओळीत एक मोकळी जागा अनवधानाने राहिली. एनव्हिडियाच्या एका उपनिर्देशिकेचा मार्ग पुसण्याची ती आज्ञा होती. पण ‘यूएसआर’ या शब्दानंतर जागा सुटल्यामुळे प्रणालीतील जवळजवळ सर्व आज्ञावल्या ज्या निर्देशिकेत असतात, ती संपूर्ण निर्देशिकाच पुसली जाऊ लागली. चूक त्वरित दुरुस्त झाली. तथापि ग्राफिक्स कार्ड चालू करू पाहणाऱ्या काहींना त्यापायी पूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागली. ही घटना संगणकक्षेत्रात अजूनही सांगितली जाते.

कार्डाची वीज तोडणे : हा भाग वरून किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात तोच अधिक अवघड ठरला. कार्डाचा वीजपुरवठा कसा तोडावा याची कृती लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये एसीपीआय या मानकानुसार लिहिलेल्या कोष्टकांत असते. प्रत्येक उत्पादकाने ती कृती आपापल्या परीने लिहिली आणि तिची चाचणी केवळ विंडोजवर केली. बंबलबीबरोबर येणारा ‘बीबीस्विच’ हा पीटर वू यांनी लिहिलेला कर्नलचा जोडभाग या कोष्टकांतील विशिष्ट कृती शोधून ती चालवीत असे. अनेक यंत्रांवर त्याने उत्तम काम केले आणि हजारो लॅपटॉपचे पंखे शांत केले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांबरोबर कृती बदलली. कार्डाला थेट झोपविण्याऐवजी ते ज्या पीसीआय एक्स्प्रेस द्वाराला जोडलेले आहे त्या द्वाराचीच वीज तोडावयाची, अशी नवी रीत आली. सु. २०१५ नंतरच्या यंत्रांवर जुनी रीत वापरली असता संगणक गोठून जाई. फर्मवेअर प्रणालीला ‘तू कोणती विंडोज आहेस?’ असे विचारते आणि उत्तरानुसार जुनी किंवा नवी रीत योजते, हे लक्षात आल्यावर वापरकर्त्यांनी एक विलक्षण तोडगा काढला : संगणक सुरू होताना लिनक्सने आपण २००९ मधील विंडोज असल्याचे सांगावे. ही तोतयेगिरी बऱ्याच यंत्रांवर उपयोगी पडली. काहींवर तिच्यामुळे स्पर्शफलक किंवा अन्य एखादा भाग बंद पडला. कर्नलच्या ४.८ या आवृत्तीत (ऑक्टोबर २०१६) द्वाराची वीज तोडण्याची सोय रीतसर आली आणि नूव्हो ड्रायव्हर तिचा उपयोग करू लागला. त्यापूर्वी ३.१२ या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०१३) काम नसताना कार्ड आपोआप झोपविण्याची योजना मुक्त ड्रायव्हरांपुरती अंमलात आलेली होती.

सामायिक स्मृती व परवान्याचा वाद : दोन प्रक्रियकांनी एकच चौकट प्रत न काढता वाटून घ्यावयाची, तर त्या स्मृतिखंडाची मालकी एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे सोपविण्याचा सर्वमान्य मार्ग हवा. असा मार्ग ‘डीएमए-बफ’ या नावाने कर्नलच्या ३.३ या आवृत्तीत (मार्च २०१२) आला. तो मुख्यतः सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्यांनी लिहिला असून मुळात भ्रमणध्वनीसारख्या लहान उपकरणांतील कॅमेरा, ग्राफिक्स व पडदा यांच्यातील देवाणघेवाणीसाठी त्याची योजना झाली होती. त्याच्या आधारे एअर्ली यांनी ‘प्राइम’ ही पद्धती घडविली. सप्टेंबर २०१२ मधील एक्स सर्व्हर १.१३ पासून एका प्रक्रियकाने चित्र काढून दुसऱ्याने दाखविण्याची सोय प्रणालीच्या अंगातच आली. दोन्ही ड्रायव्हर मुक्त असतील, तर ‘डीआरआय प्राइम’ या परिस्थिती-चलाला १ हे मूल्य देऊन कार्यक्रम सुरू करणे एवढेच वापरकर्त्याला करावे लागते.

एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरला मात्र हे दार बंद होते. कर्नलमधील काही कार्ये जीपीएल या परवान्याखालील जोडभागांनीच वापरावीत अशी खूण केलेली असते आणि डीएमए-बफची कार्ये तशी खूण केलेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या एका अभियंत्याने ही खूण काढून टाकावी असा प्रस्ताव मांडला. कर्नलच्या जुन्या लेखकांपैकी ॲलन कॉक्स यांनी त्यास विरोध केला. आपण जीपीएलखाली दिलेली संहिता आपल्या संमतीवाचून बंदिस्त आज्ञावलीच्या सेवेला लावता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी जूनमध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हॉल्ड्स यांची प्रकट मुलाखत झाली. ऑप्टिमसला लिनक्समध्ये पाठबळ का नाही, असा प्रश्न श्रोतृवर्गातून येताच त्यांनी एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यासमोर असभ्य हावभाव केला व तसेच शब्द उच्चारले. त्या चित्रफितीला जगभर प्रसिद्धी मिळाली. शिष्टाचाराच्या दृष्टीने ते समर्थनीय नव्हते. तथापि एरवी तज्ञांच्या चर्चेत राहिली असती अशी ही तक्रार त्यामुळे सर्वांच्या कानी गेली, हेही खरे.

या वादात दोन्ही पक्षांकडे कायद्याचे मुद्दे होते. परंतु ज्याच्या यंत्रात ते कार्ड होते त्याने त्याची किंमत पूर्ण मोजलेली होती आणि त्या कार्डाची माहिती फक्त एका पक्षाजवळ होती. ती माहिती प्रसिद्ध झाली असती तर परवान्याचा प्रश्न मुळात उद्भवला नसता, हे इंटेलच्या व पुढे एएमडीच्या उदाहरणावरून दिसते.

बंदिस्त ड्रायव्हरची वाटचाल : एनव्हिडियाने २०१३ मध्ये ३१९ या क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये प्राइमला अर्धे पाठबळ दिले. या मांडणीत पडद्यावरील यच्चयावत चित्र एनव्हिडियाचे कार्डच काढी आणि अंगभूत प्रक्रियक ते फक्त दाखवी. अर्थात कार्ड सतत जागे राही आणि द्विग्राफिक्स व्यवस्थेचा मूळ हेतूच विफल होई. उबुंटूने ‘प्राइम-सिलेक्ट’ ही आज्ञा देऊन सत्रापुरती एका प्रक्रियकाची निवड करण्याची सोय केली; दुसरा हवा असल्यास सत्रातून बाहेर पडून पुन्हा यावे लागे. २००६ मधील स्विच बोटाने सरकवावा लागे, आता तो आज्ञा लिहून सरकवावा लागू लागला, इतकाच काय तो फरक. चौकटींचा ताळमेळ नसल्यामुळे हलत्या चित्रात आडव्या चिरा दिसत. तो दोष २०१६ मध्ये ३७० क्रमांकाचा ड्रायव्हर व एक्स सर्व्हर १.१९ यांच्या योगाने दूर करता येऊ लागला.

आणखी एक अडथळा दिसायला क्षुल्लक होता. इंटेलचे व एनव्हिडियाचे ओपनजीएल ग्रंथालय एकाच नावाने एकाच जागी बसे. एक बसविले की दुसरे पुसले जाई. कार्यक्रमागणिक ग्रंथालय निवडता यावे म्हणून एनव्हिडियाच्याच पुढाकाराने ‘जीएलव्हीएनडी’ हे मध्यस्थ ग्रंथालय तयार झाले. ते आज्ञा प्रथम स्वतःकडे घेते आणि योग्य त्या कंपनीच्या ग्रंथालयाकडे पाठविते. ते रुळल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरबरोबर एनव्हिडियाने हव्या त्या कार्यक्रमापुरतेच कार्ड वापरण्याची सोय लिनक्सला दिली. याच ड्रायव्हरमध्ये ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांच्या कार्डांची वीज काम नसताना आपोआप तोडण्याची सोय प्रथम प्रायोगिक स्वरूपात आली. ऑप्टिमसच्या घोषणेपासून यास नऊ वर्षे लागली. लॅपटॉपचे आयुष्य सामान्यतः याहून कमी असते. २०१० मध्ये ज्यांनी ऑप्टिमसची पहिली यंत्रे घेतली, त्यांच्या कार्डांना ४३५ क्रमांकाचा ड्रायव्हर चालतच नव्हता. ती कार्डे तोवर ३४० व ३९० या जुन्या शाखांत वर्ग झाली होती. ज्यांच्या तक्रारीवरून हा प्रश्न उभा राहिला, त्यांना त्याचे उत्तर मिळालेच नाही.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. ट्युरिंग व पुढील पिढ्यांत कार्डावरच ‘जीएसपी’ नावाचा एक लहान नियंत्रक असतो आणि पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम त्याच्या फर्मवेअरमध्ये हलविण्यात आले आहे. ते फर्मवेअर बंदिस्तच आहे. तरीही या बदलामुळे नूव्होचा मोठा अडसर दूर झाला. २०१४ नंतरची कार्डे कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरवाचून आपला वेग वाढवू देत नसत. जानेवारी २०२४ मधील कर्नल ६.७ पासून नूव्हो जीएसपीमार्फत हे काम करून घेऊ शकतो.

एएमडीची कार्डे असलेल्या यंत्रांची कथा लहान आहे. त्या कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरमध्येही प्रक्रियक बदलण्यासाठी एक्स सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. पण तिने कार्डांची माहिती प्रसिद्ध केली होती आणि ऑगस्ट २०१५ मधील कर्नल ४.२ पासून ‘एएमडीजीपीयू’ हा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. अशा यंत्रांवर द्विग्राफिक्स व्यवस्था आज बहुधा काही न करता चालते.

प्रत्यक्ष उपयोग : लिनक्सच्या प्रमुख वितरणांत एनव्हिडियाचा ड्रायव्हर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून बसविणे श्रेयस्कर असते. कंपनीच्या संकेतस्थळावरील फाइल थेट बसविल्यास कर्नलची आवृत्ती बदलताच जोडभाग न जुळून काळा पडदा दिसण्याचा संभव वाढतो. यंत्रात ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर जोडभागावर मान्य सही असावी लागते. अन्यथा कर्नल तो नाकारतो आणि ड्रायव्हर बसवूनही तो नसल्यासारखा भास होतो. अनेकांचा वेळ याच एका कारणापायी वाया जातो. नवे यंत्र प्रथम सुरूच होत नसल्यास ‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलच्या प्रारंभ-ओळीत तात्पुरता घालून साध्या चित्रपद्धतीत प्रवेश मिळविता येतो.

ड्रायव्हर बसल्यावर कार्यक्रमाच्या नावाआधी कार्ड निवडणारी चले लिहावी लागतात किंवा काही वितरणांतील ‘प्राइम-रन’ ही आज्ञा वापरावी लागते. ग्नोमसारख्या मेजपृष्ठांवर कार्यक्रमाच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता स्वतंत्र कार्डावर सुरू करण्याचा पर्याय मिळतो. कार्यक्रम खरोखर कोणत्या प्रक्रियकावर चालला आहे, हे ‘जीएलएक्स-इन्फो’ ही आज्ञा त्याच पद्धतीने चालवून आणि तीत आलेले चित्रकर्त्याचे नाव वाचून ताडून पाहता येते.

कार्ड झोपले आहे किंवा नाही हे पाहताना सावध राहावे लागते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा कार्डाची स्थिती सांगते, पण ती विचारणा करण्यासाठीच कार्ड जागे करते. पीसीआय साधनांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञाही तसेच करू शकते. झोपलेल्यास ‘झोपलास का रे?’ असे विचारण्यापैकीच हे आहे. त्याऐवजी कर्नलने प्रत्येक साधनासाठी ठेवलेल्या ‘रनटाइम स्टेटस’ या नोंदीत ‘सस्पेंडेड’ असा शब्द आहे का, ते पाहावे. ट्युरिंग पिढीच्या पुष्कळ कार्डांवर चित्र, ध्वनी, यूएसबी नियंत्रक व यूएसबी-सी जोडणीचा नियंत्रक अशी चार साधने एकत्र असतात. चारही झोपल्याखेरीज वीज तुटत नाही. त्यांपैकी ध्वनीचे साधन जागे राहिल्याने बॅटरी उतरत राहते आणि दोष मात्र ग्राफिक्स ड्रायव्हरला दिला जातो.

बाहेरचा पडदा जोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक लॅपटॉपमध्ये आतील पडदा अंगभूत प्रक्रियकाला, तर एचडीएमआयचे द्वार स्वतंत्र कार्डाला जोडलेले असते. अशा यंत्रात स्वतंत्र कार्ड बंद केल्यास बाहेरचा पडदा दिसत नाही आणि तो जोडल्यास कार्ड जागे राहते; ही यंत्राची मांडणी असून कोणत्याही आज्ञावलीने ती बदलत नाही. व्याख्याने देणाऱ्या किंवा सदैव प्रक्षेपक वापरणाऱ्या व्यक्तीने खरेदीपूर्वीच याची चौकशी केलेली बरी.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँड या नव्या पडदाप्रणालीत चौकटींची देवाणघेवाण डीएमए-बफच्याच मार्गाने होते. एनव्हिडियाने प्रारंभी वेगळी पद्धती पुढे केली होती. ऑक्टोबर २०२१ मधील ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून तिने इतरांची पद्धती मान्य केली. चौकट काढून पूर्ण झाल्याची खूण एका प्रक्रियकाने दुसऱ्यास स्पष्टपणे देण्याची योजना २०२४ मध्ये ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरबरोबर आल्यावर खिडक्यांतील चित्र मागेपुढे उडी मारण्याचा दोष बराचसा गेला. दरम्यान खेळांसाठीच्या महागड्या लॅपटॉपमध्ये मक्स परत आला आहे, कारण चौकटी वाहून नेण्यात जाणारा वेळ खेळणाऱ्यांना खपत नाही. लिनक्समध्ये तो बहुधा फर्मवेअरच्या मांडणीतून वळवावा लागतो. तेथे केवळ स्वतंत्र कार्डाची निवड केल्यास अंगभूत प्रक्रियक प्रणालीला दिसेनासा होतो आणि बॅटरीचा काल त्या प्रमाणात घटतो.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत ड्रायव्हरची शाखा पाहणे आवश्यक असते. फर्मी पिढीच्या कार्डांसाठी असलेल्या ३९० या शाखेचे पाठबळ २०२२ मध्ये, तर केप्लर पिढीसाठी असलेल्या ४७० या शाखेचे २०२४ मध्ये संपले. मॅक्सवेल व पास्कल या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा राहील, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. पाठबळ संपलेल्या पिढ्यांची कार्डे असलेल्या लॅपटॉपवर नवीन कर्नल वापरावयाचा झाल्यास नूव्होचा आश्रय घेणे किंवा स्वतंत्र कार्ड कायमचे झोपवून अंगभूत प्रक्रियकावर काम करणे, हे दोन मार्ग उरतात. त्यांपैकी दुसऱ्या मार्गाने यंत्र थंड राहते व बॅटरी अधिक वेळ पुरते.